लग्नाला साडेसहा आठवडे, रिपोर्टवर आठ

जानेवारी संपत आला असताना सिंहगड रोडवर राहणारं एक जोडपं माझ्याकडे आलं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समीर फोन आल्याचं सांगून बाहेरच थांबला. अनुजाने बसायच्या आधीच पर्समधून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"ताई, आमचं लग्न 8 डिसेंबरला झालं. सोनोग्राफी 23 जानेवारीला. म्हणजे सहा आठवडे आणि चार दिवस. यात आठ आठवडे लिहिलंय. घरात तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पण सासूबाईंनी रद्दीतून जुनं कालनिर्णय काढून दोनदा मोजलं. समीर तर त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलतही नाहीये. मी काय सांगू, कसं पटवू?"

नवी लग्नं झालेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. कधी नवरा परगावाहून सुट्टीवर आलेला असतो आणि त्याच्या येण्याची तारीख जुळत नाही. दर वेळी मला वाटतं, रिपोर्ट हातात देताना कोणी दोन मिनिटं बोललं असतं तर एवढे दिवस या मुलीने घास गिळला असता.

मी तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारली. 28 नोव्हेंबर. पाळी दर 28-29 दिवसांनी, नियमित.

गरोदरपणाचे आठवडे डॉक्टर लग्नापासून मोजत नाहीत आणि गर्भ राहिला त्या दिवसापासूनही मोजत नाहीत. शेवटची पाळी आली तो पहिला दिवस धरून मोजणी सुरू होते. 28 दिवसांचं चक्र असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं. अनुजाच्या बाबतीत तो दिवस येतो 12 डिसेंबरच्या आसपास, लग्नानंतर चौथा. त्याआधीचे दोन आठवडे हिशेबात असतात, पण पोटात गर्भ नसतोच. अशी मोजणी करायचं कारण साधं आहे. गर्भ नेमका कधी राहिला हे कोणालाच दिसत नाही. संबंधाच्या तारखेवरूनही सांगता येत नाही, कारण शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. पाळीची तारीख मात्र बाईला सांगता येते.

आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. डॉक्टरांचा हिशेब त्याच्या अगदी जवळचा आहे: नऊ महिने आणि सात दिवस, म्हणजे 280 दिवस, 40 आठवडे. 28 नोव्हेंबरपासून नऊ महिने, 28 ऑगस्ट. त्यात सात दिवस मिळवले की 4 सप्टेंबर. रिपोर्टवरही तीच तारीख होती.

अनुजाने पदराने डोळे पुसले. मी तिला विचारलं, पाळीची तारीख ही तुझी खाजगी गोष्ट आहे, समीरसमोर बोललेलं चालेल का? ती म्हणाली, "बोला. मलाच त्यांना सांगायचं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही."

समीर आत आला. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, पाळीचं समजलं. पण सोनोग्राफीत तर बाळाचं खरं वय दिसतं ना?" बहुतेकांची गाडी इथेच अडते. मशीन वय पाहत नाही, लांबी मोजतं: डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत. त्यांच्या रिपोर्टवर ती 16 मिलिमीटर होती. या लांबीवरून आठवडे काढायचे तक्तेही पाळीपासूनच्या हिशेबानेच बनवलेले आहेत. त्यामुळे ते दोन आठवडे सोनोग्राफीच्या आकड्यातही असतात. शिवाय या वेळी चार-पाच दिवसांचा फरक सहज पडतो. बाप कोण, हे असल्या मोजणीतून ना सिद्ध होतं ना खोटं ठरतं. त्या कामासाठी रिपोर्ट उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी त्याला तसंच सांगितलं.

ज्यांची पाळी 35-40 दिवसांनी येते, त्यांचं बीज उशिरा बाहेर पडतं आणि पाळीवरून काढलेले आठवडे जास्त भरतात. तारीख आठवत नसेल किंवा अंगावर पाजत असताना पुन्हा दिवस गेले असतील, तरीही पाळीचा हिशेब कामाचा नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी टाळू नये. नऊ आठवड्यांच्या आत दोन्ही हिशेबांत पाच दिवसांहून जास्त फरक निघाला, तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात. त्यानंतर चौदा आठवडे भरेपर्यंत ही मर्यादा सात दिवसांची.

पुढच्या वेळी सासूबाईही आल्या. मी त्यांना काहीच समजावलं नाही, फक्त विचारलं, "काकू, लग्नाची तारीख काढताना मुलीची अडचण विचारली होती का?"

"विचारणार नाही तर काय! पूजा होती, मग जेजुरीला जायचं होतं. मीच हिच्या आईला फोन केला होता. त्या म्हणाल्या, अठ्ठावीसची आहे, आठवड्याभरात मोकळी..." बोलता बोलता त्या थांबल्या. अनुजाकडे पाहिलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "तेव्हापासून मोजतात होय? मी आपली अक्षता पडल्या तिथून मोजत बसले."

काकूंचं तिथेच मिटलं. समीरचं मिटायला वेळ लागला. अनुजाला राग तारखेचा नव्हता, तीन दिवस शेजारी बसून एक प्रश्न न विचारल्याचा होता. त्यावर आम्ही आणखी तीनदा भेटलो. त्या भेटींत आठवड्यांचा विषय निघालाही नाही.

जुलैमध्ये समीरचा फोन आला. बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मशीनने 15 सप्टेंबर दाखवली होती. माझ्या पोटात क्षणभर गोळा आला. तो म्हणाला, "अनुजा घाबरलीये, बाळ मागे पडलंय का म्हणून. मी तिला म्हटलं, तारीख पहिल्या सोनोग्राफीचीच धरायची. बरोबर ना, मॅडम?"

बरोबर होतं. शेवटच्या महिन्यांत बाळं आपापल्या चणीने वाढतात, तेव्हा मापावरून काढलेली तारीख दोन-तीन आठवडेही इकडेतिकडे होते. ठरलेली तारीख त्यावरून बदलत नाहीत. बाळाची वाढ नीट आहे का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायला हवं. "विचारलं," तो म्हणाला, "वजन, पाणी, रक्तपुरवठा सगळं ठीक आहे. आम्ही दोघांनी मिळून विचारलं."

बरोबर ठरलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. अनुजाची मुलगी 30 ऑगस्टला झाली.