चाकांवरचं घर: वाचकांचे प्रश्न

आम्ही दोघं मोटरहोमने लांबच्या प्रवासाला निघालो आहोत. गॅसवर चालणारा फ्रिज आतापर्यंत छान चालला. पण एका मुक्कामी उतारावर गाडी लावली आणि सकाळपर्यंत आतलं सगळं कोमट झालं. सपाट जागी आल्यावर तो आपोआप सुरू झाला. ह्यांचं म्हणणं, सिलिंडरमध्ये दोष होता. मला वाटतं, उतारामुळे झालं. कोणाचं खरं?

तुमचं. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. मागच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो. खालच्या ज्योतीने बॉयलर तापतो, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रवरूप होते, आतल्या भागात उष्णता शोषून पुन्हा वायू बनते, पाण्यात विरघळते आणि ते पाणी नळ्यांच्या उतारावरून बॉयलरकडे परत येतं. परतीच्या वाटेवर कुठलाही पंप नाही. गाडी कलली की द्रव नळीच्या वळणात अडकतो, बॉयलर कोरडा पडतो आणि ज्योत मात्र जळतच राहते.

एका रात्रीचं अन्न वाया जाणं हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की, नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. कोरड्या बॉयलरच्या अतिउष्णतेने त्याचे खडे बनतात आणि नळ्या तुंबतात. हे नुकसान दुरुस्त होत नाही, दर तिरक्या मुक्कामागणिक ते साठत जातं आणि शेवटी संपूर्ण कूलिंग युनिट बदलावं लागतं. म्हणून फ्रिज ‘आपोआप सुरू झाला’ यावर निर्धास्त राहू नका.

किती कल चालतो? बऱ्याच फ्रिजना आडवा ३ अंश आणि उभा ६ अंश ही मर्यादा असते. तुमच्या मॉडेलचा आकडा माहितीपुस्तिकेत असेल. ३ अंश म्हणजे एक मीटर अंतरात साधारण ५ सेंटिमीटरचा फरक. चाकांमधलं अंतर दोन मीटर असेल, तर एका बाजूची चाकं १० सेंटिमीटर खाली गेली की मर्यादा संपली. डोळ्यांना हे सहसा कळत नाही, म्हणून छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा आणि ती गाडीच्या फरशीवर नाही, फ्रीझरच्या तळावर टेकवा. मग खालच्या बाजूच्या चाकांपुढे उताराचे ठोकळे मांडून गाडी हळूच वर चढवा, हँडब्रेक ओढा, चाकांना पाचरी लावा. कोपऱ्यांवरच्या जॅकने चाकं जमिनीपासून उचलू नका. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि ती अधांतरी झाली की ब्रेक असून नसल्यासारखा. चालत्या गाडीत कल सारखा बदलत राहतो, द्रव अडकून बसत नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या चढउतारांची काळजी नको.

तरी ह्यांची शंका अगदीच टाकाऊ नाही. सिलिंडरमध्ये ब्यूटेन असेल आणि रात्र गोठणारी असेल, तर फ्रिज खरंच गॅसअभावी बंद पडतो, कारण उणे अर्ध्या अंशाखाली ब्यूटेनची वाफच होत नाही. प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होते. शेगडी पेटवून पाहा: ज्योत निळी आणि जोमदार असेल, तर गॅसवर ठपका ठेवू नका.

रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप मधूनच क्षणभर घुरघुरतो. बिघडला आहे का?

पंप बहुधा ठीक आहे. नळीतला दाब उतरला की त्याच्या आतला स्विच त्याला चालू करतो. म्हणजे पाणी कुठेतरी निघून जातं आहे. ते दोनच दिशांनी जाऊ शकतं. एक, बाहेर: सांध्यांभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून पाहा, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शौचालयाचा व्हॉल्व्ह तपासा, आणि गाडीबाहेरचा शॉवर विसरू नका, तो अर्धवट बंद राहिलेला असतो. दुसरं, मागे टाकीत: पंपातल्या एकदिश व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की असं होतं. याची खूण अशी की, बाहेरच्या नळाची नळी जोडल्यावर टाकी आपोआप भरायला लागते. पंपाआधीची जाळी धुवा. तरी फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा संच बदला.

झोपताना आणि गाडी चालवताना पंपाचा स्विच बंदच ठेवा. वाटेत सांधा सुटला तर चालू पंप सगळी टाकी फरशीखाली ओततो, आणि ते कळतं फळ्या फुगल्यावर.

मैल्याची टाकी नुकतीच रिकामी केली, तरी काटा दोन-तृतीयांश दाखवतो. मुक्कामी नळी जोडून आम्ही व्हॉल्व्ह उघडाच ठेवत होतो.

दोष तिथेच आहे. व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ शौचालयाच्या भांड्याखाली ढीग होऊन बसतो. आता व्हॉल्व्ह बंद करा, टाकी जवळजवळ पूर्ण पाण्याने भरा, रात्रभर भिजू द्या आणि रिकामी करण्याच्या जागेपर्यंत गाडी चालवत न्या; हिसक्यांनी ढीग सुटतो. गरज पडली तर पुन्हा करा. काटा त्यानंतरही खोटं बोलत असेल, तर सेन्सरवर कागद चिकटला आहे.

यापुढे टाकी किमान दोन-तृतीयांश भरल्यावरच एकदम सोडा. आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. रिकाम्या टाकीत लगेच आठ-दहा लिटर पाणी घाला.

बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवते, तरी इन्व्हर्टरवर विजेची किटली लावताच सगळं बंद पडतं. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड आहे.

१५०० वॅटच्या किटलीला १२ व्होल्टवर १२५ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधली घट धरली तर १४० च्या आसपास. इतक्या ओढीने या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पाणी गॅसवर उकळा. आणि व्होल्टेज वाचायचा तो भार व चार्जिंग दोन्ही बंद करून दोन-तीन तासांनी: १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याखाली वारंवार नेलीत तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

सकाळी गादीची खालची बाजू ओली असते. छप्पर गळत असेल का?

पावसाशिवायही ओली होते का ते पाहा. होत असेल आणि ओल अंगाखालच्या जागीच असेल, तर ती तुमच्याच श्वासाची आणि घामाची वाफ आहे, थंड फळीवर जमलेली. बंद गाडीत स्वयंपाक केला तर त्यात भर पडते: एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. गादीखाली पट्ट्या किंवा जाळीचा थर घाला, छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून फरशीतली भोकं मात्र बुजवू नका. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि त्याला बाहेर जायला तीच वाट आहे.