बागेत राहायचे असेल, तर आधी पट्ट्या मांड

चि. विद्यार्थी मित्रास,
अनेक आशीर्वाद.

देवगड तालुक्यातून आलेले तुझे पत्र वाचले. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या तुला शिक्षण सोडून घरची हापूसची बाग सांभाळायची आहे. वडिलांना मात्र तू मुंबईत काकांनी शब्द टाकून ठेवलेली नोकरी धरावी असे वाटते, कारण वाडीतली सगळी मुले चाकरमानी झाली आणि गावात राहणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. 'माझे चुकते आहे का?' असे तू विचारले आहेस.

तुझी इच्छा चुकीची नाही, पण तिच्यामागे अजून हिशेब उभा नाही. वडिलांचा विरोध बागेला आहे असे मला वाटत नाही. भरलेला मोहर अवकाळी पावसाने काळा पडताना ज्यांनी पाहिला, तुडतुड्यांसाठी उधारीवर औषधे आणून फवारली आणि हंगाम संपल्यावर वाशी बाजारातल्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात घेऊन आगाऊ घेतलेली उचल वजा जाता काय उरले ते मोजले, त्यांना मुलगा महिन्याच्या पगारावर असावा असे वाटणे ही मायाच आहे.

म्हणून वाद घालण्याऐवजी त्यांच्याकडे गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्या माग आणि त्यांच्याच शेजारी बसून वहीत उतर: पेट्या किती गेल्या, भाव काय लागला, भाडे, हमाली आणि इतर कपात किती झाली. फवारणी, राखण आणि काढणीची मजुरी त्यातून वजा कर. हापूस बहुधा वर्षाआड धरतो, त्यामुळे एका चांगल्या वर्षाच्या आकड्यावर भुलू नकोस. बाग दोन संसार पोसणार नाही असे दिसले, तर ते आज कळलेले बरे. थोडा माल थेट गिऱ्हाइकाला देता येईल का, हेही त्याच वहीत तपास. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आहे, ते आपल्या मालाला वापरता यावे म्हणून बागायतदार म्हणून नोंदणी करून घे.

दुसरे, सातबारा काढून पाहा. आपल्याकडे एकाच उताऱ्यावर चुलते, आत्या, मुंबईची भावंडे अशी कितीतरी नावे असतात, आणि भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसारख्या योजनेतही सामाईक जमिनीसाठी इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. जमिनीवरचे हे हक्क कागदावर नीट केल्याशिवाय नवी कलमे लावू नकोस.

शिक्षण सोडण्याचा विचार मात्र मला अजिबात मान्य नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय तुझ्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील मुळदे येथे आहे. पदवी चार वर्षांची आहे आणि प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. सुट्टीत घरी येऊन बागेत राबता येईल, आणि चार हंगामांत तुझी ओढ खरी की नुसती हौस, हे तुला आणि वडिलांनाही दिसेल.

लग्नाची चिंता खरी आहे, ती मी पत्रातून मिटवू शकत नाही. पण चार वर्षांनंतरच्या प्रश्नासाठी आजचा प्रवेश घालवू नये, एवढे आई-वडिलांना शांतपणे सांग. काकांना मात्र फोन तू स्वतः कर. त्यांनी तुझ्यासाठी कोणाकडे तरी शब्द टाकला आहे. नकार त्यांना वडिलांकडून नव्हे, तुझ्या तोंडून आणि कारणासह कळायला हवा.