तुमचे प्रश्न : गादी किती कडक असावी?

या वेळी गादी, उशी आणि झोपण्याच्या जागेबद्दलचीच पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं दिलेली नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गाद्या विकत नाही. त्यामुळे कुठली कंपनी चांगली, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ५२. कंबर वरचेवर दुखते. घरातले सगळे म्हणाले, गादी सोड, जमिनीवर झोप. गादी बरीच जुनी होती आणि मधोमध दबली होती, म्हणून मीही ऐकलं. चटईवर झोपायला लागल्यापासून कंबर जरा बरी आहे, पण खांदे आणि खुबे असे ठणकतात की रात्री कितीदा जाग येते. मी कुशीवर झोपते. सहन करून सवय लावू, की नवी गादी घेऊ? दुकानदार म्हणतो, ऑर्थोपेडिकच घ्या.

उत्तर : सवय लावू नका. गादीवर परत जा, फक्त त्या जुन्या गादीवर नको.

तुम्ही तुलना केलीत ती खड्ड्याची आणि जमिनीची. गादीची आणि जमिनीची नव्हे. आडवं झाल्यावर सगळ्यात जास्त भार कंबर आणि नितंबांच्या भागाचा असतो. गादी तिथेच आधी खचते आणि मग पाठ रात्रभर झोळीत टाकल्यासारखी वाकून राहते. अशा गादीवरून उठून सपाट जागेवर गेलं की हायसं वाटणारच. त्याचं श्रेय जमिनीच्या कडकपणाला नाही, सपाटपणाला आहे.

आता खांद्या-खुब्यांचं. कुशीवर झोपल्यावर शरीराची खालची बाजू सरळ नसते. खांदा आणि खुबा बाहेर आलेले, कंबर आत गेलेली. खालची जागा थोडी दबली तर हे दोन उंचवटे आत जातात आणि कमरेलाही टेकू मिळतो. जमीन दबत नाही. मग सगळा भार दोन हाडांवर येतो, तिथल्या त्वचेचा आणि स्नायूंचा रक्तपुरवठा दबतो, आणि शरीर तुम्हाला कूस बदलायला उठवतं. कंबर तेवढा वेळ अधांतरीच. तुम्ही उताण्या झोपत असतात तर जमीन इतकी जाचली नसती. जमिनीवर झोपून ठणठणीत असलेली माणसं माझ्याही पाहण्यात आहेत, त्यांना मी कधी ‘गादी घ्या’ म्हणत नाही.

‘कंबर दुखते तर कडक झोपा’ हा सल्ला डॉक्टरही वर्षानुवर्षं देत आले. तो तपासून पाहिला स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागलं, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. आपल्याला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यावर कडक गादी २.३ ची होती आणि मध्यम ५.६ ची. ९० दिवसांनी पाहिलं तर झोपेतलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण, या सगळ्यांत मध्यम गादीवाले जास्त सुधारले होते. मात्र त्या अभ्यासात मऊ गादी नव्हतीच. त्यामुळे ‘मऊ गादी बरी’ असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

मध्यम म्हणजे किती? ते तुमच्या वजनावर ठरतं. ९५ किलोच्या माणसाला जी गादी मध्यम वाटते, ती ४५ किलोच्या बाईला फळीसारखी लागते, कारण तिच्या वजनाने ती दबतच नाही. म्हणून गादी हाताने दाबून घेऊ नका. तळहाताला जे कळतं त्याचा पाठीशी काही संबंध नाही. दुकानात चपला काढा आणि ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर, उशी घेऊन, दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. सगळे बघतात म्हणून बसल्या बसल्या गादी ठरवणारी माणसंच मग माझ्याकडे येतात. सोबत आलेल्याला पाठीमागे उभं करा आणि मानेपासून माकडहाडापर्यंतचे मणके एका ओळीत दिसतात का ते बघायला सांगा. कंबर खाली झुकली असेल तर गादी मऊ आहे. खांदा वर ढकलला जाऊन मान वाकडी दिसत असेल तर गादी कडक आहे किंवा उशीची उंची चुकली आहे. उताणं झोपणाऱ्यांनी कमरेखाली हात सरकवून बघावा. सहज आरपार जात असेल तर गादी कडक, मुळीच सरकत नसेल तर मऊ. थोडं घासून गेला तर ठीक.

‘ऑर्थोपेडिक’ हे लेबल आहे. अमुक इतक्या कडकपणाला ऑर्थोपेडिक म्हणायचं, अशी वैद्यकशास्त्रात व्याख्या नाही. बऱ्याचदा त्या नावाखाली सगळ्यात कडक गादी विकली जाते. तुम्हाला ती नको.

आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये एक उशी घ्या. वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळली जाते, ते थांबेल. हे आजपासून करता येईल.

प्रश्न : जुन्या गादीखाली प्लायवूड टाकलं तर चालेल का?

उत्तर : आधी खचलंय काय ते शोधा. गादीवर आडवा झाडूचा दांडा ठेवा. मधोमध दांड्याखालून दोन बोटं जात असतील तर गादी उचला आणि खालच्या पलंगावर तोच दांडा ठेवून बघा. पलंगाची जाळी किंवा फळ्या दबल्या असतील तर प्लायवूडचा उपयोग होईल. पलंग सपाट असून गादीलाच खड्डा पडला असेल तर खाली काहीही टाका, खड्डा वरच राहणार.

प्रश्न : मॅडम, ४० डेन्सिटी, मेमरी फोम, लेटेक्स, पॉकेट स्प्रिंग… डोकं चक्रावलं आहे. यातलं पाठीला चांगलं कुठलं? जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कडक ना?

उत्तर : नाही. डेन्सिटी म्हणजे वजन. ४० डेन्सिटी म्हणजे त्या फोमचा एक घनमीटर ठोकळा ४० किलो भरतो. त्यातून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा वेगळा मोजतात, म्हणून ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो.

मेमरी फोम १९६६ मध्ये नासाच्या एम्स या संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांकरिता तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो, त्यामुळे खांदा-खुबा दुखणाऱ्यांना आवडतो. पण तो आकार लवकर सोडत नाही. ज्यांना कूस बदलताना कष्ट पडतात त्यांना त्यात रुतल्यासारखं होतं. काहींना गरमही होतं. लेटेक्स म्हणजे रबराचा फोम, तो दबतो आणि लगेच वर येतो, त्यामुळे वळायला सोपं, पण गादी उचलायला जड. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, म्हणून शेजारचा हलला तरी धक्का कमी पोचतो. साध्या स्प्रिंगा एकमेकींना बांधलेल्या असतात, तिथे धक्का पोचतो. काथ्या कडक असतो आणि हवा खेळती ठेवतो, पण एकदा दबला की परत फुगत नाही. कापसाचे गठ्ठे होतात.

पाठीला चांगलं यातलं कुठलंही असू शकतं. पहिल्या उत्तरातली दुकानात पडून बघायची परीक्षा पास झाली की झालं. मला स्वतःला खाली घट्ट आणि वर दोन-तीन इंच मऊ थर, अशी गादी बहुतेकांना मानवते असं दिसतं.

प्रश्न : माझं वजन ५०, ह्यांचं ९०. एकच गादी कशी घ्यायची?

उत्तर : घेऊ नका. दोन सिंगल गाद्या शेजारी शेजारी टाका, वरून एकच मोठी चादर. उंची मात्र सारखी बघा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. सकाळी उठल्यावर कंबर तासभर आखडलेली असते, चालायला लागलं की सुटते. पहाटे दुखण्याने जाग येते. सुट्टीच्या दिवशी जास्त पडून राहिलं तर आणखी वाईट. गादी बदलून झाली, फरक नाही. आता कुठली घेऊ?

उत्तर : आता गादी नको, डॉक्टर गाठा, शक्यतो संधिवाततज्ज्ञ.

सकाळी थोडं आखडणं सगळ्यांनाच होतं. दिवसभर भाराने मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर त्या ते परत शोषून घेतात. म्हणून सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते. या फुगलेल्या चकत्यांना पुढे वाकणं जड जातं. साधी कंबरदुखी असलेल्यांनी उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून बादली उचलणं, कमरेतून झुकून तोंड धुणं टाळावं. १९९८ मध्ये अमेरिकेत याचा अभ्यास झाला आणि तेवढ्यानेही दुखणं कमी झालेलं दिसलं.

तुमचं दुखणं या साच्यात बसत नाही. चाळिशीच्या आत सुरुवात, अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं, हालचालीने बरं आणि आरामाने वाईट, उत्तररात्री जाग. ही लक्षणं मणक्यांच्या सुजेच्या आजाराची असू शकतात, ज्यात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस येतो. असेलच असं मी पत्रावरून म्हणत नाही, पण तपासून घ्या. औषधं आहेत, आणि लवकर सुरू केलेली बरी.

याच निमित्ताने सगळ्यांसाठी : पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पायातली ताकद कमी होणं यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : मला पालथं झोपल्याशिवाय झोपच येत नाही. मान धरते.

उत्तर : धरणारच, रात्रभर ती एका बाजूला वळलेली असते. डोक्याखालची उशी काढा किंवा अगदी पातळ घ्या, आणि एक पातळ उशी ओटीपोटाखाली ठेवा म्हणजे कंबर आत झुकणार नाही. हळूहळू लोडाला मिठी मारून अर्धवट कुशीवर यायला शिका. गादी मात्र मऊ नको.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांच्यासाठी खास जाड, मऊ गादी आणली. झोप छान लागते म्हणतात, पण सकाळी पलंगावरून उठता येत नाही, कुणीतरी हात द्यावा लागतो.

उत्तर : त्यांना काठावर बसवा आणि पाय बघा. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली, इतकी उंची हवी. गादी धरून, बसल्यावर दबल्यानंतरची. गुडघे वर येत असतील तर पलंगाच्या पायांखाली भक्कम ठोकळे द्या. पाय लोंबकळत असतील तर गादीच पातळ करावी लागेल. काठ दबून त्या पुढे घसरतात का तेही बघा. तसं असेल तर मऊ थर काढून घट्ट काठाची गादी द्या, नाहीतर पडण्याची भीती.

उठायची पद्धतही शिकवा. उताण्या असताना सरळ उठून बसू नये. आधी गुडघे मुडपायचे, खांदे आणि खुबे एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या हाताने गादीला रेटा देत बसायचं. मग मिनिटभर तिथेच बसून घोटे वरखाली करायचे, चक्कर नाही ना ते पाहायचं आणि उभं राहायचं. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण हात धरून ओढू नका. त्याने त्यांचा खांदा आणि तुमची कंबर, दोन्ही जातील.