आधी भोंगा, मग मोबाइल

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. घर जुनं, कौलारू. झोपायच्या दोन खोल्यांना तेवढी तक्तपोशी आहे. मुलगा पुण्यात आयटीत असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने दिवे-पंखे मोबाइलला जोडून दिले, एका छोट्या डबीवर होम असिस्टंट नावाचं, घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं. आता तो स्मार्ट स्मोक अलार्म जोडू म्हणतोय. धूर झाला की मेन स्विच बंद, एक्झॉस्ट चालू, दाराचं कुलूप उघडं आणि त्याला पुण्यात मेसेज, असा बेत आहे. आमच्याकडे सकाळी परसात बंब पेटतो, देवघरात रोज धूप असतो. हे जमेल का?
– निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बाई, अलार्म जरूर लावा. मुलाच्या बेतातला निम्मा भाग मात्र खोडावा लागेल.

अलार्मचं पहिलं काम झोपलेल्या माणसाला उठवणं. ते त्याने स्वतःच्या बॅटरीवर आणि स्वतःच्या भोंग्याने करायला हवं. डबी बंद असो, राउटर बंद असो, भर पावसात लाइन गेलेली असो, त्याचं काही अडता कामा नये. स्मोक सेन्सर म्हणून मिळणाऱ्या काही वस्तूंना आवाजच नसतो, त्या नुसता मेसेज धाडतात. तसल्या घेऊ नका. खोक्यावर 85 डेसिबल लिहिलेलं बघूनच घ्या. शक्यतो एकमेकांशी थेट बोलणारे अलार्म घ्या, म्हणजे पुढच्या सोप्यात धूर झाला तरी झोपायच्या खोलीतला भोंगा वाजेल.

आता तुमच्या वयाची अडचण. या भोंग्याची किंचाळी साधारण 3000 हर्ट्झची असते आणि वय वाढलं की नेमके हेच उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. त्यात कानाचं यंत्र रात्री काढून ठेवलेलं असलं तर विचारायलाच नको. होम ऑटोमेशनचा खरा उपयोग इथे आहे. धूर लागला की घरातले सगळे दिवे लागू देत आणि उशाशी ठेवलेला स्पीकर मोठ्याने बोलू दे. मुलाला सांगा, स्वतःच्या आवाजात ‘आई, बाबा, उठा, बाहेर निघा’ एवढं रेकॉर्ड करून डबीतच ठेव. इंटरनेटवरून ओढून आणायचं असेल तर ऐन वेळी ते येईलच असं नाही. डबी, राउटर आणि स्पीकर इन्व्हर्टरवर घ्या. लाइन जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर झटका बसून राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर राउटरचा वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा.

मेन स्विच बंद करायचा बेत रद्द. रात्री दोनला धुरात काळोख करून दोन म्हाताऱ्या माणसांनी उंबरे ओलांडायचे, हे कुणाच्या डोक्यात आलं? शॉर्टसर्किटची धास्ती असेल तर त्यासाठी एमसीबी (शॉर्टसर्किट झालं की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आहेत. ते नीट बसवलेले आहेत का, हे वायरमनकडून बघून घ्या.

एक्झॉस्ट चालू करणंही रद्द. आग लागलेली असताना पंख्याने तिला हवाच मिळते आणि धूर भलत्या खोलीत ओढला जातो. उलट चालू असलेले पंखे बंद होतील असं करा. गॅसच्या सेन्सरबाबत तर हे आणखी कडक पाळायचं. ‘गॅस गळला की एक्झॉस्ट लाव’ ही जोडणी मी गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर किती वेळा पाहिली असेल आणि दर वेळी तिथल्या तिथे पुसायला लावली आहे. हवेत साधारण 2 टक्के एलपीजी मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो आणि पंख्याच्या मोटरीतली किंवा रिलेतली (स्विच चालू-बंद करणाऱ्या भागातली) ठिणगी त्याला पुरते. गॅस गळतीचा इशारा आला की डबीने एकही स्विच हलवायचा नाही, दिवासुद्धा नाही. बॅटरीवरचा भोंगा वाजेल तेवढा पुरे. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर अंगणात येऊन 1906 ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे तो सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर. धुराचा मात्र वर. दोन्ही एकाच उंचीवर लावणारा माणूस आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

दाराचं म्हणाल तर, रात्री तुम्ही आतून अडसर घालता ना? अडसराला ॲप नसतं. मोबाइलवर कुलूप उघडलं तरी दार जागचं हलणार नाही. आतून एका हाताने, किल्लीशिवाय उघडेल अशी एकच कडी ठेवा.

मेसेज पुण्याला जाऊ दे, पण पहिला मेसेज शेजारच्या घरी गेला पाहिजे. मुलाने घाबरून पुण्यातून 101 फिरवला तर फोन पुण्याच्याच अग्निशमन दलाला लागेल. बेळगावच्या केंद्राचा 0831 ने सुरू होणारा नंबर त्याने आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवावा, आणि शेजाऱ्यांनी इथून 101 किंवा 112 लावावा. घराचा पत्ता, जवळची खूण आणि गल्लीत आगीचा बंब कुठून वळतो, एवढं कन्नडमध्ये लिहून शेजाऱ्यांकडे द्या.

जागा : झोपायच्या दोन्ही खोल्यांत तक्तपोशीला, पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तीन फूट तरी लांब. सोप्यात कौलं असल्याने धूर आढ्याकडे जातो. तिथे आढ्यापासून मीटरभराच्या आत, पण अगदी कोपऱ्यात नाही. वरच्या टोकाचे चार इंच सोडा, तिथली हवा कोंडलेली असते आणि धूर शिरायला वेळ लागतो. दर महिन्याला शिडीवर चढून बटण दाबणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून 10 वर्षांची सीलबंद बॅटरी असलेला घ्या आणि बटणापर्यंत पोचेल अशी काठी दाराआड ठेवा. बटण दाबलं की भोंगा वाजतो, पण मेसेज पोचतोच असं नाही. तो वेगळा तपासून बघा.

देवघरापासून दहा फूट तरी अंतर ठेवा. बंबाचा धूर मागच्या दारातून येतो, त्यामुळे मागच्या पडवीत अलार्म नकोच. स्वयंपाकघरात धुराचा न लावता उष्णतेचा लावा. तो साधारण 57 अंशांना वाजतो आणि मिरचीच्या फोडणीला दाद देत नाही. गणपतीत आरती, धूप, होम सगळं एकदम होतं, तेव्हा हश बटण दाबा. ते काही मिनिटं गप्प राहून आपोआप पुन्हा जागं होतं. बॅटरी काढून कपाटात ठेवली की ती दिवाळीपर्यंत तिथेच राहते.

प्रश्न : घराला लागूनच चार पॉवरलूम आहेत. स्मोक अलार्म आठवड्यातून दोनदा उगीचच कोकलतो. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर चालेल का?
– एक विणकर, वडगाव, बेळगाव

उत्तर : पिशवी बांधली की तो आगीतही गप्प बसेल. त्याच्या पोटात काय असतं ते सांगतो. एक काळी, नागमोडी भिंतींची डबी. तिच्यात एका बाजूला बारीक एलईडी, दुसरीकडे तिरक्या कोनात प्रकाश ओळखणारा डोळा. एरवी प्रकाश डोळ्यावर पडत नाही; धुराचे कण आत आले की त्यांच्यावरून उडून पडतो, आणि भोंगा वाजतो. सुताचा तूस आत गेला तरी तेच होतं. दुरुस्तीला आलेल्या अलार्ममध्ये मला तुसाच्या गुंडाळ्या आणि त्यांच्यामागे घर केलेला बारीक कोळी कायम सापडतो. मागांच्या शेडमध्ये उष्णतेचा अलार्म लावा, धुराचा राहत्या घरात ठेवा. महिन्याला व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने बाहेरूनच साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, तूस आणखी आत जातो.

आणि मागांखाली साठलेला तूस रोज झाडा. आग त्यातूनच पळते.

प्रश्न : वाय-फायवाला घ्यावा की झिगबीवाला? मॅटर म्हणजे काय? कंपनी बंद पडली तर?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घरात हब, म्हणजे सगळ्या वस्तूंना जोडणारी मधली डबी, असेल तर झिगबी; हा वाय-फायसारखाच बिनतारी प्रकार, बॅटरी कमी खातो आणि इंटरनेट नसलं तरी घरातल्या घरात बोलतो. हब नसेल तर वाय-फाय, पण बॅटरीकडे लक्ष ठेवा. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी बोलायचं सामाईक मानक. 2023 च्या 1.2 आवृत्तीत त्यात स्मोक अलार्म आले. मोठ्या कंपन्याही माल थांबवतात. गूगलने 2025 मध्ये नेस्ट प्रोटेक्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून ज्याचं सगळं काम कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं तो घेऊ नका. अलार्मचं आयुष्य तसंही साधारण 10 वर्षांचं, त्याच्या पाठीवर तारीख असते. तिचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. हल्लीच्या पावतीवरची अक्षरं वर्षभरात उडतात.