‘विचार करतोय’ असं लिहिलंस म्हणून

तुझ्या प्रश्नाच्या पहिल्याच ओळीला अडखळले. ‘ताई, मी ऑनलाइन डॉक्टरेट करायचा विचार करतोय’ आणि लगेच पुढं ‘माझे मिस्टर, माझी मुलगी’. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं टायपिंगची चूक आहे. मला कळलं, आपल्या कोल्हापूरकडची पोरगी. मीसुद्धा पंचविशीपर्यंत ‘आलो, गेलो, जेवलो’ असंच बोलत होते. पुण्यात नोकरीला लागले, तिथं मुली हसल्या आणि ते सुटलं. तुझी ओळ वाचून इतक्या वर्षांनी त्या हसण्याचा राग आला. म्हणून हे लांबलचक उत्तर. अहोजाहो करत नाही, चालेल ना?

तू विचारलंयस ते असं: कोल्हापूरच्या सायबर कॉलेजातून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), सात वर्षं मुलांच्या निरीक्षणगृहात (गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना ठेवतात तिथं) कंत्राटी नोकरी, मिस्टरांना कंपनी अमेरिकेला पाठवतेय, तुला एच-४ म्हणजे जोडीदाराचा व्हिसा मिळेल, पोरगी सहा वर्षांची. क्रिमिनल जस्टिस आणि ह्यूमन सर्व्हिसेस या विषयातली डॉक्टरेट ऑनलाइन करावी का, कोल्हापुरातूनच सुरू करावी की इथं आल्यावर, आणि नंतर नोकरी मिळेल का. शेवटी हळूच, ‘ताई, तुमची पूर्ण झाली का?’ त्याचं उत्तर शेवटी देते.

व्हिसाचे नियम, फीचे तक्ते तुला सगळीकडं मिळतील. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगते, कारण मला त्या उशिरा कळल्या. एक, पूर्ण ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एफ-१ वाल्याला एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरता येतो. म्हणजे ही डिग्री तुला इथं आणणार नाही. तुला आणतोय तो नवरा. एच-४ वर शिकायला कुणी अडवत नाही, नोकरीला मात्र परवाना लागतो आणि तो सहसा नवऱ्याची आय-१४० (कंपनीनं त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच मागता येतो. दोन, परत येऊन कॉलेजात प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर विसर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएच.डी. चालत नाही, आणि परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं पत्रक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढलं. फेसबुकवर हसऱ्या बायकांच्या फोटोसकट ज्या जाहिराती येतात ना, त्याच.

तिसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नाही. ह्यूमन सर्व्हिसेसची डॉक्टरेट म्हणजे सोशल वर्कचं लायसन्स नव्हे. दवाखाना, शाळा, समुपदेशन, जिथं जाशील तिथं लायसन्स विचारतात. ते एमएसडब्ल्यूवर मिळतं आणि तुझं एमएसडब्ल्यू इथल्या तोडीचं आहे की नाही हे सोशल वर्क शिक्षणाची राष्ट्रीय परिषद तपासून देते. मी ते करायचं सोडून थेट नावामागं ‘डॉ.’ लावायला धावले. आधी लायसन्सच्या मागं लागले असते तर आज कुठंतरी टेबल-खुर्ची असती. आणि क्रिमिनल जस्टिसमधल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना तर बहुतेक ठिकाणी नागरिकत्वच लागतं, डॉक्टरेट असो की नसो.

आता कोर्स. वाईट नाही गं. गुन्ह्यामागच्या कारणांचे सिद्धांत, धोरण, संख्याशास्त्र, मुलाखती घेऊन करायचं संशोधन, एखादा कार्यक्रम चालतोय की नाही हे मोजायची पद्धत, संस्था चालवणं. दर आठवड्याला बुधवारी रात्रीपर्यंत एक टिपण टाकायचं, रविवारी रात्रीपर्यंत दोघांच्या टिपणांना उत्तरं द्यायची. कधीमधी स्क्रीनवर समोरासमोर वर्ग. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तुझे पहाटेचे साडेचार, थंडीत साडेपाच. कोल्हापुरातून करणार असशील तर हे घड्याळ भिंतीवर लाव.

पण माझ्या वर्गात होते कोण? एक जेलमधला अधिकारी, एक बाई प्रोबेशन ऑफिसर (जेलऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारी), एक निवृत्त पोलीस, बेघरांचा निवारा चालवणारी एक. सगळे दिवसभर त्याच कामात बुडालेले. रात्री डबा खात खात टिपण लिहायचे आणि त्यात आज दुपारी घडलेलं असायचं. माझ्याकडं दुपारचं काय होतं? मशीनमध्ये धुतलेले, वाळवलेले कपडे. ऑनलाइन डॉक्टरेट ही मुळात अशा माणसांसाठी केलेली आहे, ज्यांच्या पायाखाली काम आहे. तुझ्या पायाखाली आज ते आहे. विमानात बसलीस की नाही.

एकदा प्रोबेशनचा इतिहास आला. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा कोर्टात गेला, एका दारुड्याला स्वतःच्या जामिनावर सोडवून आणलं आणि काही दिवसांनी माणसात आणून न्यायाधीशापुढं उभा केला. इथून प्रोबेशन सुरू झालं म्हणतात. १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं त्याचा कायदा केला. मला हसू आलं. जगातला पहिला प्रोबेशन ऑफिसर चपलाबूटवाला, आणि हे आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत कुणाला ठाऊक नाही! मग मी टिपणात हजेरीबद्दल लिहिलं. माणसानं काही केलेलं असो-नसो, जातीवरून रोज चावडीवर हजेरी द्यायची. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवल्या. आणि आमच्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात ती हजेरी बंद केली, फासेपारध्यांना सोनतळीला वसवलं, कामं दिली. प्रश्न टाकला की प्रोबेशनवरच्या माणसाला दर आठवड्याला ऑफिसात बोलावता ते सुधारणं की हजेरी? या देशात तीसएक लाख माणसं प्रोबेशनवर आहेत. रात्री दीडपर्यंत जागून लिहिलं. प्राध्यापकांचा शेरा: ‘इंटरेस्टिंग! कृपया संदर्भ योग्य पद्धतीत द्या.’ त्या निवृत्त पोलिसानं मात्र विचारलं, तो राजा कसा होता? मी दोन पानं लिहून पाठवली. चार वर्षांत माझ्याशी झालेलं खरं बोलणं तेवढंच.

कागदपत्रांचं सांगते, कारण तुझं हे होणारच आहे. माझ्या वडिलांचं नाव मार्कशीटवर ‘बाळासो’, पासपोर्टवर ‘बाळासाहेब’. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. डिग्री तपासणाऱ्या संस्थेनं मेल केली की ही कागदपत्रं तीन वेगवेगळ्या व्यक्तींची दिसतात. तीन! मी एकटी इथं पुरी पडत नव्हते. दादाला कोर्टासमोरच्या नोटरीकडं पाठवलं. नोटरी त्याला म्हणाला, “बाळासो म्हंजे बाळासाहेबच की, ह्यात काय लिहून द्यायचंय?” बरोबरच आहे त्याचं. पण ते लिहून दिलेलं चाललं नाही, कारण मार्कशीट इतरांच्या हाती न लागता बंद पाकिटात थेट यायला हवी होती. मग ती आली तर शिक्का पाकिटाच्या जोडावर नव्हता. पाच महिने गेले. पैसे परत मिळत नाहीत हे सांगायला मात्र त्यांना पाच मिनिटं लागली.

त्याहून मोठी कटकट पुढं. माझा विषय होता कैद्यांच्या आया. एमएसडब्ल्यूला असताना फिल्डवर्कला कळंबा जेलला जायचे. मुलाखतीच्या दिवशी बाहेर रांग असायची. कागलकडची एक म्हातारी दर वेळी माझ्याशेजारी बसायची, फडक्यातली भाकरी मोडून अर्धी मला द्यायची, वर खर्डा. मी तिची केस हिस्टरी लिहून घेत होते आणि ती माझ्या वहीवर भाकरीचा चुरा पडू नये म्हणून पदर धरत होती. मला तिच्यासारख्यांवर लिहायचं होतं. इथं माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि कैदी म्हटलं की नियम आणखी कडक, समितीत कैद्यांच्या बाजूचा माणूस हवा. हे योग्यच आहे, त्यामागं कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा वाईट इतिहास आहे. मी म्हटलं, मला कैदी नकोत, आया हव्यात. तर म्हणे संमतीपत्र मराठीत करा, मग तिसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून आणा. मी लिहिलं, ‘आपला सहभाग ऐच्छिक आहे’. परत इंग्रजीत करणाऱ्यानं केलं ‘ऑप्शनल’, शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखं. समितीनं विचारलं, नेमका कुठला भाग ऑप्शनल? यात सहा आठवडे. शेवटी ‘तुमची मर्जी असेल तरच’ असं केलं. म्हातारीला हे एका झटक्यात कळलं असतं. मग तिथल्या जेल अधिकाऱ्यांचं परवानगीपत्र हवं झालं. ते मागायला मी तिथं होते कुठं?

म्हणून तुला एकच ठामपणे सांगते. आत्ता प्रवेश घेऊ नकोस, पण नोकरी सोडायच्या आधी वरिष्ठांकडून लेटरहेडवर लेखी घे, की पुढं अभ्यासासाठी आलीस तर सहकार्य करू. त्याखाली तारीख, सही, शिक्का. मुलांची नावं, फायली काही घेऊन येऊ नकोस, तो गुन्हा आहे हे मी तुला काय सांगायचं. पण सोळा ते अठराच्या पोरांचं बालन्याय कायद्याच्या कलम १५ खालचं प्राथमिक मूल्यांकन (अतिगंभीर गुन्ह्यात खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, ते ठरवायला करतात ते) प्रत्यक्षात कसं होतं, पंधरा दिवसांत सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट, म्हणजे पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, लिहिताना काय राहून जातं, हे तुला जेवढं माहीत आहे तेवढं इथं शिकवणाऱ्यालाही नाही. रोज रात्री दहा ओळी लिहून ठेव, नाव-गाव न घालता.

पोरीच्या शाळेचं तू एका ओळीत विचारलंस, ‘शाळा चांगल्या आहेत ना?’ आहेत. ग्रंथालय बघून रडू येईल. पण प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घरची भाषा विचारतात. मी अभिमानानं ‘मराठी’ लिहिलं. त्यावरून माझ्या मुलाची इंग्रजीची चाचणी झाली. तो सहा वर्षांचा, अनोळखी बाईपुढं तोंड उघडेना. झालं, ‘इंग्रजी शिकणारा’ हा शिक्का. दोन वर्षं सायन्सच्या तासाला त्याला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे. पोरगा कोल्हापुरात इंग्रजी माध्यमात होता! दर वसंतात परीक्षा, ती पास होईपर्यंत सुटका नाही. आणि मी त्याच सुमारास लेबलिंगच्या सिद्धांतावर निबंध लिहीत होते, एकदा शिक्का बसला की माणूस तसाच वागायला लागतो म्हणून. त्यात मला ए मिळाला. आईवडील लेखी कळवून तो वेगळा वर्ग नाकारू शकतात हे मला तो बाहेर पडल्यावर कळलं. शाळेच्या पत्रात होतं म्हणे, दुसऱ्या पानावर. मी डॉक्टरेट करणारी बाई, दुसरं पान वाचलं नाही. त्यानं आठवीत असताना कुठल्यातरी फॉर्मवर घरची भाषा ‘इंग्लिश’ लिहिली. मी म्हटलं, अरे खोटं कशाला? म्हणाला, “इट्स ईझियर, आई.” तू फॉर्मवर खरंच लिही. पण दुसरं पान वाच.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. गाडी चालवायला शिक, निम्मा कमी होतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न. नाही, झाली नाही. कोर्सवर्क संपलं, तोंडी परीक्षा झाली, प्रबंधाची पाच प्रकरणं असतात त्यातली तीन झाली. चौथं म्हणजे त्या आयांच्या मुलाखती. विषय बदल, इथल्या कुणावर तरी कर, ऑनलाइन सर्व्हे कर, असं मार्गदर्शक दोनदा म्हणाले. म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही, मी काय करू? प्रबंध लिहीत असो वा नसो, नाव चालू ठेवायला दर टर्मला फी भरावी लागते आणि ती नवऱ्याच्या पगारातून जाते. तो काही बोलत नाही. तो काही बोलत नाही हेच वाईट आहे.

दर टर्मच्या पहिल्या सोमवारी मार्गदर्शकांची एका ओळीची मेल येते, काही प्रगती? मी एका ओळीत उत्तर देते, हो, काम चालू आहे. हजेरी लागते.