चरे घालवायला दिले आणि काचच बिघडली

प्रश्न : मी पुण्यात धायरीला राहतो. वायपरचं रबर झिजून गाडीच्या पुढच्या काचेवर चरे पडले होते. एका दुकानात पॉलिश करून घेतलं. २,८०० रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. चरे थोडे कमी झाले, पण आता रात्री समोरचे दिवे फाकतात आणि काचेतून रस्ता हलल्यासारखा दिसतो. नवी काच ११,००० रुपयांना आहे. दुकानदार म्हणतो, 'पॉलिशला गॅरंटी नसते.' मित्र म्हणतो, दगड लागला सांगून इन्शुरन्समधून घे. काय करू?

उत्तर : आधी एक सांगतो, नवी काच लगेच बसवू नका. जुनी भंगारात गेली की पुरावाही गेला. तोवर रात्री गाडी काढू नका.

चरे पूर्ण गेले नाहीत, या तक्रारीत मला फारसा दम दिसत नाही. नख अडकेल इतका खोल चरा सेरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायची पावडर) घासून काढायचा तर आजूबाजूची काचही तेवढीच झिजवावी लागते. एकाच जागी मशीन जास्त फिरलं की तिथे खळगा पडतो आणि काच भिंगासारखी वागू लागते. तुमच्या काचेचं तेच झालेलं दिसतं, आणि दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत सगळा भर यावरच द्या.

गाडी दुकानात सोडली तेव्हा भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेणं दुकानदाराला बंधनकारक होतं. ती घेतली होती, हे त्यानेच दाखवायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही सेवेतील त्रुटी ठरते. बिल न देणं ही वेगळी अनुचित व्यापारी प्रथा. गॅरंटी नाही म्हटल्याने वस्तू बिघडवायची मुभा मिळत नाही. मात्र कामाआधी 'काच खराब होऊ शकते' असा मेसेज त्याने पाठवला असेल आणि तुम्ही 'चालेल' म्हणाला असाल, तर तुमची बाजू बरीच लंगडी होते. चॅट नीट तपासा.

काच बसवणाऱ्या दुसऱ्या दुकानाकडून लेटरहेडवर लिहून घ्या : काचेतून वेडंवाकडं दिसतं, बदलावी लागेल, खर्च इतका. गाडी जागेवर उभी ठेवून समोरच्या दिव्यांचा आतून व्हिडिओ काढा. मूळ फोन जपा, कारण चॅट आणि व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मग १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तिथेही जमलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. तुम्ही मात्र जास्तीची तयारी ठेवा.

मित्राचा सल्ला मुळीच ऐकू नका. खोटं कारण देऊन क्लेम करणं ही विमा कंपनीची फसवणूक आहे. सर्व्हेअरला दगडाची खूण आणि घासल्याची खूण यातला फरक कळतो. क्लेम नाकारला जाईल आणि तुमचंच खोटं आयोगासमोर दुकानदाराच्या हातात पडेल.

दुकानदार निम्म्या खर्चावर तयार झाला तर, रक्कम पाहता, मी तडजोड करेन. फक्त 'आता काही तक्रार नाही' असं लिहून देण्याआधी पैसे खात्यात जमा झालेत ना, ते पाहा.