प्लाझ्मा दिल्याने मुलींना अशक्तपणा येतो का? त्रास काय काय होतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही २३ वर्षांच्या आहात, प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव) द्यायला मनापासून तयार आहात आणि घरचे म्हणतात, "मुलीच्या जातीने असले उद्योग करू नयेत." हेच वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

नाही, सहसा अशक्तपणा येत नाही. मला तरी आला नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात मला आणि आईला एकदमच कोविड झाला. कोविडच्या रुग्णांना चढवायला बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा हवाय, असे मेसेज तेव्हा रोज यायचे. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी रक्तपेढीत गेलो. आईला पहिल्याच टेबलावर विचारलं, "मुलं किती?" दोन म्हटल्यावर तिला नाही सांगितलं. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. हिमोग्लोबिन १२.८ निघालं (१२.५ लागतं), हाताची शीर ठसठशीत होती, मला घेतलं.

सुई जाड असते, टोचताना कळते. मशीन थोडं थोडं रक्त ओढतं, फिरवून प्लाझ्मा बाजूला काढतं आणि लाल पेशी परत सोडतं. परत येणारं रक्त जरा गार लागतं, दंडापर्यंत तो गारवा चढलेला मला जाणवत होता. अर्ध्या तासाने ओठांना मुंग्या आल्या. सिस्टरना सांगितलं, तर त्यांनी मशीनचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्याच्या त्या मुंग्या. पाच मिनिटांत गेल्या. तासाभराने शेजारी पिशवी भरली होती, कढवलेल्या तुपाच्या रंगाची. आई सगळा वेळ खुर्ची ओढून बाजूला बसली होती.

घरी आल्यावर मी त्याच हाताने दळणाचा डबा उचलला. कोपराच्या खळगीत हे एवढं काळंनिळं झालं, आठवडाभर राहिलं. ते मामीने पाहिलं. पुढे नोव्हेंबरमध्ये माझे केस गळायला लागले, विंचरताना रोज मूठभर गुंतवळ. मामीने दोन्हीची सांगड घातली. "प्लाझ्मा दिलास म्हणून." मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, कोविडनंतर कितीतरी जणांचे गळले, त्यांनी कुठे प्लाझ्मा दिला होता? माझे पुढे आपोआप थांबले. पण स्थळ बघायला आलेल्या लोकांसमोरही मामीने विषय काढला. वर म्हणाली, "हिच्या आईला डॉक्टरांनीच नको म्हटलं. बायकांच्या अंगाला ते सोसत नाही."

हे साफ चुकीचं आहे आणि हे मला लिहायचंच होतं. गरोदरपणात काही बायकांच्या रक्तात दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी (परक्या गोष्टींशी लढणारी प्रथिनं) तयार होतात. त्या बाईला त्याचा काही त्रास नसतो. पण तिचा प्लाझ्मा चढवला तर घेणाऱ्याच्या फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडू शकतो. आईला नाही म्हटलं ते रुग्णाला जपण्यासाठी. आईच्या अंगाला सोसण्या-न सोसण्याचा त्यात प्रश्नच नव्हता. चार वेळा समजावलं, मामीला अजून पटलेलं नाही.

तिचा दुसरा मुद्दा, "शेवटी उपयोग झाला का?" कोविडसाठी नाही झाला, मान्य. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचार मार्गदर्शक सूचनांमधून काढून टाकला. पण घेणाऱ्याला गुण आला की नाही आणि देणाऱ्याला अपाय झाला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मागितलं तेव्हा मी दिलं. हिमोफिलियाची (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची) काही औषधं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडींचं औषध, हे आजही प्लाझ्मापासून बनतं.

आता तुमचं. किट नवं, एकदाच वापरायचं असतं, त्यामुळे संसर्गाची भीती नको. प्लाझ्मा नव्वद टक्के पाणीच असतो, द्रव दोनेक दिवसांत भरून निघतो. कोणाला चक्कर येते, क्वचित कोणाला सुईने हाताची नस दुखावते. अमेरिकेत लोक पैसे घेऊन आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा देतात, इतक्या वेळा दिलं तर अंगातल्या अँटिबॉडी कमी होऊ शकतात, तुमच्या एका वेळेला ते लागू नाही. वजन कमी असेल, बीपी कमी राहत असेल किंवा कसली औषधं चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, लपवू नका. त्या दिवशी चतुर्थी असेल तर दुसरा दिवस मागून घ्या, जेवूनच जा. मुंग्या आल्या की लगेच बोला, सहन करत पडून राहू नका. आणि आईला बरोबर न्या, पिशवी भरताना तिला शेजारी बसून बघू दे.